पाटी कोरी नव्हती

जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाची गोष्ट सांगताना लोक आधी बालमृत्यूचे आकडे सांगतात, आणि ते सांगण्यासारखेच आहेत. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. मला मात्र या पन्नासहून अधिक वर्षांतली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. कामाचं कौशल्य कुणाच्या अंगी आहे हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर ते वाढवायचं कसं, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुसरीकडे क्वचितच मिळालं असेल.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले, तेव्हा त्यांनीही रुळलेली वाटच धरली होती. शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमायच्या, हा पहिला बेत. तो जमला नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या मुलीला घरं उघडी होत नव्हती आणि तिचाही पाय तिथे ठरत नव्हता. मग गावातल्याच बाईला शिकवावं, ही सूचना गावकऱ्यांकडून आली. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, कित्येकजणी दलित वस्तीतल्या होत्या. कागदावर त्यांची पात्रता शून्य. पण गावात कोणाला दिवस गेलेत, कोणाचा खोकला महिनाभर हटत नाही, कोणत्या घरात सासूला आधी पटवावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते कोणत्याही परिचारिका विद्यालयात शिकवता येत नाही. आरोळे दांपत्याचं मोठेपण मला इथे दिसतं: या ठाऊक असण्याला त्यांनी कौशल्य म्हटलं आणि शिकवणीचा पाया त्यावर घातला.

शिकवणीची रीतही बघण्यासारखी होती. एकदाच कोर्स करून दाखला हाती द्यायचा, असं नव्हतं. बायका आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, जातीपातीची बंधनं बाजूला ठेवून एकत्र जेवायच्या, झोपायच्या. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं खाली आहे की आडवं, हे बोटांनी ओळखायला शिकायच्या. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जुलाबाच्या मुलाला घोट घोट पाजायचं, हे करून बघायच्या. गावी गेल्यावर तेच काम, आणि पुढच्या खेपेला काय जमलं, काय अडलं याची चर्चा. चुकलेलं तिथेच दुरुस्त व्हायचं. शिकणं आणि काम यांत आठवड्याचंही अंतर नव्हतं, म्हणून ते अंगवळणी पडलं.

निरक्षर बाईच्या हाती जीव सोपवणं धोक्याचं, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो हलका नाही. त्याचं उत्तर मांडणीत होतं. बाईला जितकं शिकवलं तितकंच ती करी. आडवं बाळ कळलं की बाळंतपण घरी उरकायचं नाही, जामखेडच्या दवाखान्यात पाठवायचं, हेही त्याच शिकवणीत होतं. आपली मर्यादा कळणं हा कौशल्याचाच भाग आहे. दुसरा आक्षेप असा की हे सगळं आरोळ्यांसारखी माणसं होती म्हणून घडलं. माणसं मोठी होती यात शंका नाही. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला. पण मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये, आणि काम पुढे चालूच राहिलं. शिवाय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं राखण्याची त्यांची जाण बायफ संस्थेनं ओळखली, तिला बियाणे बँकेची जोड मिळाली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. माणसं वेगळी, विषय वेगळा, रीत तीच.

देशानं यातून अर्धाच धडा घेतला, असं मला वाटतं. २००५ पासून ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या गावोगाव आल्या, त्याच गावातली बाई हे सूत्र टिकलं. सोबत शिक्षणाची अट आली, सुरुवातीला आठवीची. नोंदवह्या आणि मोबाईल चालवायचे तर अक्षरओळख लागते, हे खरंच. पण अक्षरं सहा महिन्यांत शिकवता येतात. गावाचा विश्वास नाही शिकवता येत. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आता अनुभवानं शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. चांगली सोय आहे, पण ओळखून थांबणं म्हणजे जामखेडची पहिली पायरी चढून तिथेच बसणं.

म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यात प्रशिक्षणाचे वर्ग भरवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. अर्जात ‘शिक्षण’ या रकान्याच्या वर ‘आज कोणतं काम करता’ हा रकाना घाला, आणि वर्ग संपल्यावर त्याच माणसांना, काय अडलं ते विचारायला, पुन्हा पुन्हा बोलवा.