वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ कादंबरीतील महत्त्वाकांक्षा, मंत्रविद्या आणि बहुप्रेम : एक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी कादंबरीच्या इतिहासात वि. स. खांडेकर (१८९८-१९७६) यांच्या ‘ययाति’ या कादंबरीस महत्त्वाचे स्थान आहे. शिरोडे येथील शिक्षकी पेशानंतर १९३८ पासून कोल्हापूर ही खांडेकरांची कर्मभूमी झाली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीस १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकर हे तो सन्मान मिळविणारे पहिले मराठी लेखक ठरले. ‘ययाति’कडे प्रामुख्याने भोगवादाची शोकांतिका म्हणून पाहिले गेले आहे. तथापि या कथेत मृतसंजीवनी विद्या, शापवाणी व तारुण्याची अदलाबदल असे गूढ घटक आहेत आणि एका पुरुषाभोवती गुंतलेले अनेक प्रेमसंबंधही आहेत. या दोहोंचा परस्परसंबंध तपासणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१) कादंबरीतील मंत्रविद्या व महत्त्वाकांक्षा यांचे नाते स्पष्ट करणे.
२) ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या संबंधांचे स्वरूप संमतीच्या निकषावर तपासणे.

मंत्रविद्या आणि महत्त्वाकांक्षा :

महाभारताच्या आदिपर्वात संजीवनी विद्या हे युद्धाचे साधन आहे. शुक्राचार्य या विद्येने मृत दैत्यांना उठवितात, म्हणून देव कचाला ती मिळविण्यासाठी पाठवितात. दैत्य कचाला वारंवार ठार करतात. अखेरीस त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजतात. गुरूच्या उदरात असतानाच कचाला विद्या प्राप्त होते. म्हणजेच ज्ञानाची प्राप्ती येथे मृत्यूच्या वाटेनेच होते.

खांडेकरांनी या अद्भुताचा उपयोग चमत्कारासाठी न करता स्वभावदर्शनासाठी केला आहे. शुक्राचार्यांची तपश्चर्या उग्र असली तरी त्यांचा क्रोध मावळलेला नाही. ययातीचा ज्येष्ठ बंधू यती राजवाडा सोडून सिद्धींच्या मागे लागतो. पण स्त्री व शरीर यांच्या तिरस्कारातून केलेली ही साधना अखेरीस त्याच्या मनाचा तोल घालविते. या दोहोंच्या विरुद्ध टोकाला कच आहे. सामर्थ्य मिळविण्याची ईर्ष्या त्यालाही आहे; मात्र ती लोककल्याणाशी बांधलेली आहे. विद्या एकच असली तरी ती कोणाच्या हाती पडते यावर तिचे फळ अवलंबून राहते, हे या तीन व्यक्तिरेखांतून सूचित होते. देवयानीची महत्त्वाकांक्षा लौकिक आहे. कचाकडून नकार मिळाल्यावर हस्तिनापूरची महाराणी होणे आणि राजकन्या शर्मिष्ठेला दासी म्हणून सोबत नेणे यांत तिचा दुखावलेला अहंकार समाधान शोधतो.

बहुप्रेम आणि संमती :

अलीकडे ‘बहुप्रेम’ ही संज्ञा सर्व संबंधितांच्या माहितीने व संमतीने चालणाऱ्या एकाहून अधिक प्रेमसंबंधांसाठी वापरली जाते. बहुपत्नीत्व ही त्याहून वेगळी, पुरुषसत्ताक व्यवस्था होय. या निकषावर ‘ययाति’तील संबंध बहुप्रेमात बसत नाहीत. महाभारतातील शर्मिष्ठा स्वतः राजाकडे मागणी करते आणि सखीचा पती हा आपलाही पतीच, असा युक्तिवाद मांडते. परंतु शर्मिष्ठेला शय्येवर बोलावू नये, अशी शुक्राचार्यांची आज्ञा असल्याने हा संबंध गुप्तच राहतो. खांडेकरांची शर्मिष्ठा निरपेक्ष प्रेम करणारी आहे. तरीही ती दासी आहे आणि ययाती राजा आहे. तिच्या प्रेमाची किंमत तिलाच मोजावी लागते. तान्ह्या पुरूसह तिला परागंदा व्हावे लागते, ययाती मात्र राजवाड्यातच राहतो.

कादंबरीची रचना या संदर्भात लक्षणीय आहे. ययाती, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कहाणी प्रथमपुरुषी निवेदनातून सांगतात. त्यामुळे जे तिघे एकमेकांशी कधीच मोकळेपणाने बोलू शकले नाहीत, त्यांची मने वाचकापुढे शेजारी शेजारी उभी राहतात. दुःखाचे मूळ प्रेमाच्या संख्येपेक्षा लपवणुकीत व विषम सत्तेत आहे, असा अर्थ या रचनेतून निघू शकतो; जरी लेखकाचा प्रकट भर संयमावर असला तरी.

शाप आणि पुढील पिढी :

शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य येते आणि पुरू आपले तारुण्य पित्याला देतो. महाभारतातील ययाती सहस्र वर्षे उपभोग घेतो. खांडेकरांचा ययाती मात्र लवकरच भानावर येऊन तारुण्य परत करतो. येथे अद्भुत घटनेला सामाजिक अर्थ प्राप्त होतो : एका पिढीची वासना दुसऱ्या पिढीच्या आयुष्यावर पोसली जाते. दोन महायुद्धे पाहिलेल्या शतकातील वाचकाला हा अर्थ परका वाटण्याचे कारण नव्हते. याच कथेवर गिरीश कर्नाड यांनी १९६१ मध्ये कन्नड ‘ययाति’ व वि. वा. शिरवाडकर यांनी १९६६ मध्ये ‘ययाति आणि देवयानी’ हे नाटक लिहिले, यावरून तिची सर्जनक्षमता लक्षात येते.

निष्कर्ष :

१) ‘ययाति’त मंत्रविद्या ही महत्त्वाकांक्षेची कसोटी आहे, संयमाविना ती विनाशकारी ठरते.
२) कादंबरीतील अनेकपदरी प्रेमसंबंध बहुप्रेम नसून विषम सत्तासंबंध आहेत.
३) त्यांचा सर्वाधिक भार दासी शर्मिष्ठा व पुत्र पुरू यांच्यावर पडतो. त्यामुळे या कादंबरीचे अध्यापन केवळ ययातीच्या पश्चात्तापापाशी न थांबता शर्मिष्ठेच्या निवेदनापासून सुरू होणे उचित ठरेल.