साडेपाचची बस

कोल्हापुरात फुटबॉलची मॅच परगावी नसतेच. पाटाकडील तालीम असो, दिलबहार, खंडोबा की शिवाजी तरुण मंडळ, सगळे एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. पेठेतून निघायचं, गप्पा मारत चालत पोचायचं, हरलो तर पंचाला शिव्या देत आणि जिंकलो तर कॉलर ताठ करून घरी जेवायला यायचं. त्यामुळे प्रेस्टनला भाचीकडे मुक्कामाला असताना ती जेव्हा म्हणाली, "मामा, आमच्या शेजारच्या बाई शनिवारी पहाटे साडेपाचच्या बसनं लंडनला मॅच बघायला निघाल्यात आणि त्या मॅचवर कुणाचं काहीही अवलंबून नाहीये," तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. साडेतीनशे किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. कशासाठी?

"बघायचंय का? गुरुवारी संध्याकाळी तयारी असते त्यांची," भाची म्हणाली.

'काहीही अवलंबून नाही' म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये खेळतो. चोवीस संघ, प्रत्येकाच्या 46 मॅच, त्यातल्या 23 दुसऱ्याच्या मैदानावर. वरचे दोन थेट प्रीमियर लीगमध्ये जातात, त्यांच्या खालच्या काही जणांना प्ले-ऑफची आणखी एक संधी मिळते, तळाचे तीन खाली जातात. मधल्यांनी काय करायचं? मधल्यांनी खेळायचं. 2015 साली वेम्बलीवर स्विंडनला 4-0 हरवून प्रेस्टन या श्रेणीत आलं. तेव्हापासूनचे क्रमांक असे आहेत: 11, 11, 7, 14, 9, 13, 13, 12, 10. पुढच्या मोसमात विसावा आला आणि शेवटच्या दिवशी जीव वाचला. शनिवारचा प्रतिस्पर्धी मिलवॉल. 2020-21 पासूनच्या चार मोसमांत त्यांचे क्रमांक 11, 9, 8, 13. एका घरातल्या दोन भावांची गुणपत्रकं वाटावीत असे हे दोन संघ.

तयारी पबच्या मागच्या खोलीत होती. आत शिरताच ओल्या लोकरी कोटांचा आणि चिप्सवरच्या व्हिनेगरचा असा काही मिसळलेला वास आला, की इंग्लंड म्हटलं की आता मला तोच आठवतो. बाई कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, आता निवृत्त. समोर वही, चष्म्याची केस, नाण्यांचा बिस्किटाचा डबा आणि कात्री. त्या कागदाच्या चिठ्ठ्या कापत होत्या.

या चिठ्ठ्या काय आहेत ते कळायला थोडा वेळ लागला. 1 ते 90, प्रत्येक मिनिटाची एक. बसमध्ये एक पौंड देऊन चिठ्ठी उचलायची. पहिला गोल ज्या मिनिटाला होईल ती चिठ्ठी ज्याच्याकडे, त्याला निम्मे पैसे. उरलेले निम्मे ड्रायव्हरची बक्षिसी. गोलच झाला नाही तर सगळे पैसे पुढच्या प्रवासाला. कॉम्प्युटरवर छापून घेणं सोपं आहे, नातवानं तसं सांगितलंही होतं. पण बाई रेघोट्या मारून, आकडे हातानं लिहून, एकेक चिठ्ठी कापतात. सातावर इंग्रजांत सहसा नसते ती आडवी रेघ देतात, म्हणजे एकाशी घोळ नको. मला तिथं बाकी काय काय दाखवण्यात आलं, जुने स्कार्फ, 1964 च्या कप फायनलचं पिवळं पडलेलं तिकीट. पण माझी नजर परत परत त्या कात्रीकडे जात होती. शनिवारी नेमका कुठल्या मिनिटाला काहीतरी घडेल, याची नव्वद शक्यतांची पूर्वतयारी एक बाई गुरुवारी संध्याकाळी शांतपणे करत होत्या. तज्ज्ञांच्या चर्चांपेक्षा मला ती जास्त गंभीर वाटली.

एक गृहस्थ चिठ्ठी कधीच घेत नाहीत. त्यांचा अंदाज ठरलेला: 0-0. "पैसे वाचतात," म्हणाले. निवृत्त पोस्टमन आहेत.

बाकीची कामं झटपट उरकली. नावं वाचली गेली, 49 आसनांपैकी 38 भरली होती. तिकिटांची पाकिटं वाटली. ही तिकिटं क्लबकडून येतात आणि मोठ्या मॅचला ज्यांनी आधी जास्त प्रवास केलाय त्यांना आधी मिळतात; प्रत्येक परगावच्या मॅचचे गुण खात्यावर जमा होतात. या मॅचसाठी असली कसलीच चढाओढ नव्हती. बसमध्ये दारू आणायची नाही, याची आठवण दिली गेली. हा बाईंचा नियम नाही, कायदा आहे, 1985 चा. फुटबॉलला जाणाऱ्या बसमध्ये दारू बाळगणं गुन्हा ठरतो. त्याच कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी बसून बिअरही पिता येत नाही. क्रिकेट बघायला जाणाऱ्या माणसावर हा अविश्वास नाही. फुटबॉलवाल्याकडे सरकार अजूनही संशयानं बघतं आणि इतक्या वर्षांत त्याला त्याची सवय झालीय.

मिलवॉलला तर जास्तच. लंडनच्या दक्षिण बर्मंडसीतलं ते मैदान, द डेन, पाहुण्यांना प्रेमानं वागवण्यासाठी प्रसिद्ध नाही. रेल्वेनं येणाऱ्या पाहुण्या चाहत्यांसाठी स्टेशनपासून मैदानापर्यंत वेगळी, कुंपण घातलेली वाट आहे. कोपऱ्यात एक दहा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता. परगावची त्याची ही पहिलीच मॅच. त्याला त्या वाटेबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं: किती लांब, वरून काही फेकतात का. बाई म्हणाल्या, "आपण बसनं जातोय रे राजा, दारापर्यंत. तू फक्त गरम मोजे घाल."

मग त्यानं विचारलं, "आपण यंदा वर जाणार का?"

खोलीत हसू उमटलं नाही, कुणी त्याला वेड्यातही काढलं नाही. भिंतीशी बसलेले ऐंशी पार केलेले आजोबा फक्त म्हणाले, "एकसष्ट."

1961. त्या वर्षी प्रेस्टन पहिल्या श्रेणीतून खाली उतरलं आणि आजतागायत परत गेलेलं नाही. ज्या क्लबनं 1888-89 ला इंग्लंडची पहिलीवहिली लीग एकही मॅच न हरता जिंकली आणि त्याच मोसमात एकही गोल न खाता एफए कपही घेतला, त्या क्लबची ही गत. दोनदा अगदी उंबरठ्यावर गेले, 2001 ला आणि 2005 ला, दोन्ही प्ले-ऑफ फायनल कार्डिफला, दोन्हीत हार. आजोबांनी पोरवयात टॉम फिनीला खेळताना पाहिलंय. फिनी 1960 ला निवृत्त झाला. इंग्लंडसाठी 76 सामने, 30 गोल, लीगमध्ये कायम एकच क्लब आणि जोडीला नळदुरुस्तीचा धंदा. क्लबच्या डीपडेल मैदानाबाहेर पाण्यातून चेंडू घेऊन जाणारा त्याचा पुतळा आहे, 1956 च्या एका फोटोवरून केलेला. आजोबा त्याच्याबद्दल फार बोलले नाहीत. मी खोदून विचारलं तर म्हणाले, "तो गेला आणि पुढच्या वर्षी आम्हीही गेलो. एकसष्ट."

मग मी तो प्रश्न विचारलाच. मॅच टीव्हीवर दिसणार आहे ना? मूळ वेळ दुपारी तीनची. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं म्हणून हा जुना नियम. या बंदीतून सुटण्यासाठी टीव्हीवाल्यांनी मॅच साडेबारावर आणली. म्हणून बस पहाटे साडेपाचला. नव्या करारानुसार या खालच्या श्रेणींच्या एका मोसमात हजाराहून जास्त मॅच थेट दिसतात आणि हा करार पाच वर्षांसाठी 93.5 कोटी पौंडांचा आहे. घरी गादीवर पडून फुकटात नाही, पण स्वस्तात नक्की दिसेल. बस आणि तिकीट मिळून साठ पौंडांच्या वर जातात, खाणं वेगळं. मग कशाला?

मला वाटलं होतं, निष्ठा, परंपरा असलं काहीतरी ऐकायला मिळेल. पोस्टमन म्हणाले, "घरी बायको बोलते." एक बाई म्हणाल्या, "बसमध्ये झोप छान लागते." मुलाच्या वडिलांनी खांदे उडवले. कात्री चालवणाऱ्या बाई मात्र थांबल्या. "मॅच काय, दीड तासाची. मी आत्तापासून जातेय ना," म्हणाल्या. हे बोलून त्यांनी 63 ची चिठ्ठी कापली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही माणसं मॅचची वाट बघत नाहीत. वाट बघणं हेच त्यांच्या आठवड्याचं काम आहे. सोमवारी दुखापतींची यादी, मंगळवारी तिकिटं, बुधवारी हवामान, गुरुवारी चिठ्ठ्या. शुक्रवारी बाई घरी बटर पाय भाजतील. हे इथल्या कॅथलिकांचं शुक्रवारचं खाणं, त्या दिवशी मांस वर्ज्य म्हणून कांदा-बटाट्याचं भरपूर लोणी घातलेलं सारण. पहाटे ते वर्तमानपत्रात गुंडाळून बसमध्ये वाटतात. मला चव घ्यायला एक मिळाला. बटाटा मऊ, मिरपूड जास्त, अगदी आपल्या जिभेचा.

निकालाला या सगळ्यात जागा आहे, पण शेवटची. बोलणं निकालाचं चाललं तेव्हाही मिलवॉलचा उंच सेंटर-फॉरवर्ड आणि आपला डावा बॅक यांच्यावर दहा मिनिटं गेली, लंडनमधल्या पार्किंगच्या जागेवर पंचवीस. या क्लबच्या चाहत्यांची आणखी एक रीत आहे, जेंट्री डे. दर मोसमात परगावची एक मॅच ठरवतात आणि त्या दिवशी सगळे काळ्या गोल बोलर हॅट घालून जातात, वर्षभरात गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणीत. 'जेंट्री' हे नाव सत्तरच्या दशकातले मॅनेजर अ‍ॅलन बॉल सीनियर यांनी या चाहत्यांना दिलेलं. खोलीतल्या शेल्फवर बाईंची हॅट होती, तिच्यावर जपून पॉलिथीन चढवलेलं. यंदा कुणासाठी, हे मी विचारलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर नावं होती, त्यांनी ते पान माझ्यापासून लपवलं नाही आणि दाखवलंही नाही.

हे सगळं गोड आहे असं वाटून मी भारावून जाऊ नये, याची काळजी खोलीतल्या एका तरुण बाईंनी घेतली. त्या रात्रपाळी करतात. मॅच तीनची म्हणून त्यांनी आधीच रजा टाकली होती, ट्रेनचं तिकीट काढलं होतं. वेळ बदलल्यावर ट्रेनचे पैसे परत मिळाले नाहीत, रजाही बदलून मिळाली नाही. आता शुक्रवारची रात्रपाळी संपवून तशाच बसमध्ये चढणार. "करारात आमचं नाव कुठेच नसतं," म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं पटलं. टीव्हीच्या पडद्यावर जे वातावरण विकलं जातं, ती मागच्या स्टँडमधली गाणी आणि हातवारे, ते याच माणसांनी फुकट तयार केलेलं असतं. उलट त्यासाठी तीच माणसं साठ पौंड मोजतात.

शेवटी बाईंनी चिठ्ठ्या मोजल्या. एकोणनव्वद निघाल्या. टेबलाखाली वाकून मुलानं 17 शोधून काढली आणि ती आपल्यालाच मिळावी असा हट्ट धरला. बाईंनी ठाम नकार दिला. चिठ्ठी डब्यातूनच उचलायची, नियम म्हणजे नियम. डब्याचं झाकण लागलं, पाकिटं खिशात गेली, आजोबांना कुणीतरी गाडीनं सोडायला निघालं.

भाचीनं विचारलं, "मामा, जाणार का बरोबर?" अकरा जागा रिकाम्या होत्या. पण माझं मुंबईचं विमान शुक्रवारी रात्रीचं होतं.

टीव्हीवाल्यांनी आणि लीगनं मॅचच्या वेळा जरूर बदलाव्यात, पैसा त्यातूनच येतो. पण मोसमाआधीच त्या ठरवाव्यात, आणि पाहुण्या संघाच्या शहरातून पहिली बस किती वाजता निघेल हे आधी बघावं. मिलवॉलच्या मॅचला प्रेस्टनहून ती पहाटे साडेपाचला निघते.