ताळा दुसऱ्या पुस्तकाशी

आपल्या मुलांनी वाचावे, असे प्रत्येक पालकास वाटते. मात्र काय वाचावे, हा प्रश्न आला की पाठ्यपुस्तके आणि स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके यांपलीकडे यादी सहसा जात नाही. वाचनात विविधता का हवी, याचे बोलके उत्तर कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला भागात सापडते.

जॉब चार्नॉक यांनी २४ ऑगस्ट १६९० रोजी कोलकाता वसविले, असे अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केले. परंतु बेहालातील बडिशा येथील सावर्ण रायचौधुरी या जुन्या जमीनदार घराण्याचा इतिहास निराळे सांगत होता. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क या घराण्याकडून ईस्ट इंडिया कंपनीला मिळाले ते १० नोव्हेंबर १६९८ च्या दस्तऐवजाने, १,३०० रुपयांना. म्हणजे गावे आधीपासून नांदती होती. सोळाव्या शतकातील ‘आईन-इ-अकबरी’तही कलिकात्याचा उल्लेख आहे. या घराण्याच्या परिषदेने इतर मान्यवरांसह न्यायालयात दाद मागितली. इतिहासतज्ज्ञांच्या समितीचा अहवाल विचारात घेऊन कोलकाता उच्च न्यायालयाने २००३ साली निर्णय दिला की, चार्नॉक यांना शहराचे संस्थापक मानता येणार नाही आणि शहराला ठराविक जन्मदिवसही नाही. पाठ केलेले उत्तर असे बदलले! एकाच पुस्तकावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला ही शंका कधी आली असती?

हा धडा मराठी घरांनाही लागू पडतो. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आपली मुले पराक्रम म्हणून वाचतात. बंगाली मुले मात्र त्याच ‘बर्गीं’ची भीती अंगाईतून ऐकतात. १७४२ साली कोलकात्याच्या रक्षणासाठी खोदण्यास घेतलेला खंदक ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. गंगाराम या बंगाली कवीने त्या काळातील लोकांचे हाल ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात वर्णिले आहेत. दोन्ही बाजू वाचणाऱ्या मुलाचा स्वाभिमान कमी होत नाही. त्याची समज मात्र वाढते.

दोन भाषांमध्ये असे सेतू बांधणारेही होऊन गेले. देवघरजवळ जन्मलेले मराठी वंशाचे सखाराम गणेश देउस्कर यांनी बंगालीत लिहिलेले ‘देशेर कथा’ (१९०४) एवढे प्रभावी ठरले की, १९१० साली ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांच्या घरी आणल्या. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ साली सुरू केलेल्या ‘संदेश’ या बालमासिकाच्या पानांतून पुढे सत्यजित राय यांचा फेलूदा मुलांना भेटला.

पालकांना फार काही करावे लागत नाही. पाठ्यपुस्तकातील एखाद्या प्रकरणावर दुसरे एक पुस्तक मुलाच्या हाती द्यावे आणि ‘दोघांत फरक काय?’ एवढेच विचारावे. गोष्टींबरोबर चरित्र, विज्ञान, प्रवासवर्णन आणि अन्य भाषेतून अनुवादित झालेले एखादे पुस्तकही असावे. गावातील ग्रंथालयाची वर्गणी बहुधा परवडणारी असते. मूल कंटाळले तर पुस्तक बदलावे, सक्ती करू नये.

बँकेत कोणतीही रक्कम एकाच नोंदीवरून खरी धरली जात नाही; दुसऱ्या नोंदीशी ताळा जमावा लागतो. ज्ञानाच्या खात्यातही हाच नियम मुलांना लवकर उमगावा.