हिवाळ्यासाठी टोमॅटोचा रस
युक्रेन आणि रशियात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परसातले टोमॅटो एकदम पिकतात, तेव्हा त्यांचा रस हिवाळ्यासाठी बरण्यांत भरून ठेवण्याची रीत घरोघरी आहे. फळ चिरताच त्यातली विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, रसाला दाटपणा देणारे पेक्टिन तोडू लागतात. म्हणून फोडी लगेच उकळत्या पातेल्यात टाकाव्या लागतात, नाहीतर बरणीत तळाशी लाल गाळ आणि वर पिवळसर पाणी दिसते. खरी काळजी आंबटपणाची असते, कारण सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप, ४.६ च्या वर गेल्यास हवाबंद बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि अतिपिकलेला टोमॅटो ही मर्यादा ओलांडू शकतो. त्यामुळे लिटरमागे अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालून लिटरच्या बरण्या उकळत्या पाण्यात किमान ४० मिनिटे ठेवाव्यात. गरम बरण्या उलट्या करून पांघरुणात गुंडाळण्याची तिथली जुनी पद्धत कितीही जिव्हाळ्याची असली, तरी ती या उकळीची जागा घेऊ शकत नाही.