लाल गोळीचा प्रस्ताव

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. रोज एक, 180 दिवस. प्रत्यक्षात इतके दिवस गोळी घेणाऱ्या स्त्रिया देशात अवघ्या 26 टक्के आहेत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सांगतात. उरलेल्या गोळ्या घरात कुठेतरी पडून राहतात.

पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांत वर्षानुवर्षे जाऊन-येऊन असलेल्या, एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाच्या मॅडमना हे ठाऊक होते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, छोट्या संशोधन प्रकल्पांसाठी अर्ज मागवले. 3 वर्षांची मुदत आणि 2 कोटी रुपयांपर्यंत निधी. मॅडमनी अर्ज करायचे ठरवले.

त्यांच्या पहिल्या मसुद्याचे नाव ‘आदिवासी गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षय’ असे होते. यात विषय आहे, पण प्रश्न नाही. असे मोघम मथळे परीक्षकांपुढे ढिगाने येतात आणि पहिल्याच चाळणीत गळतात. मसुदा हातोहात फिरला, विभागातल्या लोकांनी त्यावर लाल शाई ओतली, आणि शेवटी एक वाक्य उरले: आशा सेविकेने दर पंधरवड्याला आदिवासी गरोदर स्त्रियांच्या घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर मोजणी नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत 180 दिवस गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण वाढते का? आता कोणावर, काय, कशाशी तुलना करून आणि कोणत्या मापाने हे सगळे त्या एका वाक्यात आले. पुढचा सारा अर्ज या वाक्याला बांधलेला असतो.

तुलनेसाठी वेगळी गावे हवीत, हे ओघानेच आले. एकाच पाड्यात एकीच्या गोळ्या मोजल्या आणि शेजारणीच्या नाही, तर दोघी बोलणारच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला, तेव्हा 39 गावे प्रयोगाची आणि 47 गावे तुलनेची होती. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगाने मानला, त्यामागे ही तुलनेची गावे होती.

मग नमुना किती घ्यायचा? प्रस्तावाचा कस इथे लागतो.

हिशेब असा मांडला. आज 26 टक्के स्त्रिया पूर्ण गोळ्या घेतात. मोजणीमुळे त्या 40 टक्के होतील, असे धरले. नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात 173 स्त्रिया येतात. पण निवड गावागावाने होणार आणि एका गावातल्या स्त्रियांच्या सवयी एकमेकींसारख्या असतात, म्हणून संख्या दुप्पट केली: 346. दहा टक्के स्त्रिया मध्येच गळतील असे धरून 385. दोन्ही गट मिळून 770. हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण पंधरा-वीस बाळंतपणे होतात, म्हणजे चाळीस-पन्नास गावे लागली.

आता समजा, मोजणीने 40 ऐवजी 33 टक्केच होतील असे धरले. मूळचे 173 एकदम 662 वर जातात. अपेक्षित फरक निम्मा केला की नमुना जवळजवळ चौपट होतो. म्हणूनच फरक फुगवून नमुना आटोपशीर करण्याचा मोह प्रत्येक अर्जदाराला होतो, आणि जाणकार परीक्षक पहिले बोट तिथेच ठेवतो. 40 चा आकडा आणला कुठून? मॅडमनी आधी काही पाड्यांवर छोटी चाचणी करून तो आकडा मिळवला होता. ती चाचणी नसती तर प्रस्तावाला पायाच नव्हता.

दहा टक्के गळतीचा आकडा मात्र टिकला नाही. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याकडची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गरोदर बायकाही जातात. मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समासात लिहिले, ‘भट्टीवर गेलेल्या बाईच्या गोळ्या कोण मोजणार?’ गळती 25 टक्के धरली, एकूण संख्या 924 झाली, गावे वाढली, जीपचे भाडे वाढले, वेळापत्रक नव्याने आखावे लागले. संगणकासमोर बसून हे कोणालाही सुचले नसते. त्या भागात राबलेल्या माणसाचेच ते काम.

नैतिकता समितीचा टप्पा अनेकांना निव्वळ अडथळा वाटतो, तो तसा नाही. या समितीत वकील असतात, सर्वसामान्य नागरिक असतात, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. बैठकीत समितीतल्या बिगरवैद्यकीय सदस्य बाईंनी विचारले, ‘तपासणीत एखादीचे हिमोग्लोबिन 7 च्या खाली निघाले, तर तुम्ही नुसते लिहून घेणार का?’ गरोदरपणात 7 ग्रॅमच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. अशा बाईला त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पोचवण्याची तजवीज मग प्रस्तावात आली आणि गाडीखर्चाचा वेगळा आकडा अंदाजपत्रकात चढला. संमतीपत्र सोप्या मराठीत पुन्हा लिहिले गेले. वाचता न येणाऱ्या बाईसाठी तटस्थ साक्षीदाराच्या सहीची जागा ठेवली गेली.

अंदाजपत्रकाच्या प्रत्येक ओळीला कारण द्यावे लागते: मनुष्यबळ, उपकरणे, प्रवास, आकस्मिक खर्च. खरेदी सरकारी ‘जेम’ पोर्टलवरून करावी लागेल, खर्च झाल्यावर विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागेल, हेही आधीच ध्यानात ठेवावे लागते. ओपीडी, लेक्चर आणि विद्यापीठाच्या परीक्षा सांभाळून हे सारे मॅडमनीच केले. विभागप्रमुखांची सही, अधिष्ठात्यांचे हमीपत्र, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी, सहसंशोधकांची माहितीपत्रके. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. विज्ञानावर जेवढा वेळ गेला, त्याच्या तोडीचा वेळ सह्यांवर गेला. अखेर पीडीएफ चढवून ‘सबमिट’चे बटण दाबले, पोचक्रमांक आला. आता तज्ज्ञांचे मत येईपर्यंत थांबायचे.

अशा स्पर्धेत बहुतेक अर्ज नाकारले जातात, आणि नाकारलेला प्रस्ताव सुधारून पुन्हा पाठवणे हा या कामाचा रिवाजच आहे. मंजूर होणाऱ्या अर्जाचे मोल मात्र मोठे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला, त्याला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे अनुदान होते. भारतीय बाळ जन्मतः वजनाने कमी, पण अंगात चरबी राखून असते, हे त्यातून पुढे आले. चरबीचा मधुमेहाशी संबंध असल्याने मधुमेहाकडे पाहण्याची दृष्टीही त्याने बदलली.

गोळ्यांच्या प्रश्नासारखे प्रश्न आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात पडून आहेत आणि ते ओळखणारे डॉक्टरही आहेत. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ आणि संशोधन निधीचे नियम जाणणारा एक लेखापाल नेमला, तर हे प्रश्न दिल्लीपर्यंत पोचतील. अधिष्ठात्यांनी आणि शासनाने ही दोन पदे तातडीने भरावीत.