लेखांक ६ : चवदार तळे आणि वेळेचे कोडे

मागच्या लेखात टेड गर यांचा सापेक्ष वंचनेचा विचार पाहिला. माणूस किती हलाखीत जगतो यापेक्षा, आपल्याला काय मिळायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले यातली तफावत त्याला पेटवते, असे त्यांनी १९७० साली मांडले. विचार पटण्यासारखा आहे, पण एक प्रश्न त्याला पेलत नाही : आंदोलन नेमके तेव्हाच का उभे राहते? महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना बंदी होती, ती काही १९२७ साली घातलेली नव्हती. गुराढोरांना जे पाणी पिता येई, ते या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य होते. जे कारण आधीपासून होतेच, ते एकटे नव्या घटनेचा उलगडा करू शकत नाही.

गर यांचा पाठीराखा म्हणेल, तफावत त्या काळात वाढली होती. ते खरे आहे. पहिल्या महायुद्धात सरकारला महार शिपाई पुन्हा हवेसे झाले आणि १९२१ साली त्यांची पलटण मोडलीही गेली. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसाच ठराव केला. हक्क कागदावर आला, तळ्यावर आला नाही. पण मग त्याच वर्षी लोक तळ्यावर का गेले नाहीत? तीन वर्षे ठराव दप्तरात पडून होता आणि संताप काही त्या काळात सुट्टीवर गेलेला नव्हता.

इथे मॅकार्थी आणि झाल्ड या दोघा अमेरिकी समाजशास्त्रज्ञांची १९७७ सालची मांडणी उपयोगी पडते. गाऱ्हाणी समाजात सदैव असतात. कमी असतात ती साधने, असे ते म्हणतात. साधने म्हणजे नुसता पैसा नव्हे : जागा, ओळखी, वेळ, लिहिता-वाचता येणारी माणसे, एकमेकांवरचा भरवसा. मग दरिद्री समाजाकडे ही कुठून येणार, हा आक्षेप लगेच उभा राहतो. महाडने त्याचे उत्तर दिलेले आहे. कोकणात निवृत्त शिपायांची वस्ती होती. त्यांच्याकडे पेन्शन होते, अक्षरओळख होती, शिस्त होती आणि पोटासाठी ते गावकीवर पूर्णपणे अवलंबून नव्हते. बहिष्काराची धमकी त्यांच्यापुढे थोडी बोथट होई. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेले भाऊबंद होते. महाडच्या बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना चहापाणी मिळावे म्हणून रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या पुढाकाराने तिथे एक हॉटेल निघाले होते. खेड्यापाड्यांतली माणसे तिथे टेकत, बोलत. अशा साध्या जागांना चळवळीच्या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही, हे मला अन्यायाचेच वाटते. १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि बॅरिस्टर आंबेडकरांचे नेतृत्व मिळाले. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली, तेव्हा जमलेल्यांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. दुसऱ्या दिवशी ही माणसे तळ्यावर गेली.

याच्या जोडीला डग मॅकअॅडम ‘राजकीय संधी’ ही कल्पना मांडतात : सत्तेच्या भिंतीत फट दिसली की चळवळ तिथून शिरते. बोले ठराव ही अशी फट. मात्र या कल्पनेवरचा सर्वांत टोकदार आक्षेप महाडमधूनच काढता येतो. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये कोर्टाने तात्पुरती मनाई केली. फट बुजली. तरीही २५ डिसेंबरच्या परिषदेला मार्चपेक्षा मोठा समुदाय लोटला. संधीचा सिद्धांत इथे कोसळत नाही, पण तो अपुरा आहे हे मान्य करावे लागते. मधल्या नऊ महिन्यांत ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले होते, निधी आणि स्वयंसेवक जमले होते; म्हणजे दार बंद होत असताना संघटन वाढत होते. शिवाय मार्चमध्ये झालेल्या मारहाणीने आणि नंतर तळ्याच्या ‘शुद्धी’ने अपमानाला ठसठशीत, ताजे रूप दिले. संताप इथे कारण म्हणून परत येतो, पण संघटनेच्या हाती आलेला संताप म्हणून.

कोर्टाचा मान राखून त्या डिसेंबरात तळ्यावर जाणे टाळले गेले, मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. ‘हे असेच चालायचे’ हे मनातून पुसले जाणे मॅकअॅडम आवश्यक मानतात, आणि ते या दहनात दिसते. उलट, चळवळ म्हणजे निव्वळ नफातोट्याचा हिशेब असे मानले तर हे दहन समजतच नाही : पाण्याचा एक थेंब त्यातून मिळणार नव्हता. तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात १९३७ साली निकाली निघाला, अस्पृश्यांच्या बाजूने.

या सगळ्यात एक गाठ उरते. मनुस्मृतीदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस आणि त्यांच्याबरोबरचे अनंतराव चित्रे हेही सवर्ण. त्यांना तळ्याचे पाणी मिळतच होते, शिवाय जातीचा रोष पत्करावा लागणार होता. स्वतःचा लाभ नसताना माणूस सामूहिक कृतीत का उतरतो, याचे उत्तर मॅन्सर ओल्सन यांच्या १९६५ च्या सिद्धांताला अवघड जाते; पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.