३२-बिट फर्मवेअर असलेल्या ६४-बिट संगणकावर लिनक्सची स्थापना

२०१३ सालापासून पुढील दोन-तीन वर्षांत इंटेलचा ‘बे ट्रेल’ जातीचा अ‍ॅटम प्रोसेसर असलेले अनेक स्वस्त टॅब्लेट व लहान लॅपटॉप बाजारात आले. त्यांवर लिनक्स बसवू पाहणारास आरंभीच एक विचित्र अनुभव येतो. पेनड्राइव्ह लावावी, यंत्र सुरू करावे, आणि यंत्राने तिची दखलही घेऊ नये! प्रस्तुत लेखकाने या संशयापायी दोन चांगल्या पेनड्राइव्ह सदोष ठरवून बाजूस टाकल्या होत्या.

वस्तुतः दोष अन्यत्र असतो. यंत्र सुरू होताच प्रथम जागे होते ते फर्मवेअर. ते पेनड्राइव्हवर ठराविक नावाची फाइल शोधून तिच्या हाती कारभार सोपविते. ह्या यंत्रांचा प्रोसेसर ६४-बिट असला, तरी त्यांच्यासोबत ३२-बिट विंडोज द्यावयाचे असल्यामुळे पुष्कळांत यूईएफआय फर्मवेअर ३२-बिटच ठेवण्यात आले. असे फर्मवेअर ‘बूटआयए३२.ईएफआय’ ही फाइल मागते. सर्वसामान्य ६४-बिट प्रतीत त्या काळी केवळ ‘बूटएक्स६४.ईएफआय’ असे. नुसते नाव बदलूनही भागत नाही, कारण आतील आज्ञा ६४-बिट असतात. तेथे ३२-बिट ग्रबच ठेवावा लागतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पुढेही काही कामांसाठी फर्मवेअरची मदत लागते. परंतु ६४-बिट कर्नल ३२-बिट फर्मवेअरला सरळ हाक मारू शकत नाही. २०१४ मधील ३.१५ या आवृत्तीत यावर ‘मिश्र पद्धती’ योजण्यात आली. प्रत्येक हाकेच्या वेळी प्रोसेसरला क्षणभर ३२-बिट अवस्थेत न्यावयाचे व उत्तर मिळताच परत आणावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. डेबियनच्या आठव्या आवृत्तीच्या (२०१५) बहुस्थापत्य प्रतीत ही सोय होती.

मग संपूर्ण ३२-बिट लिनक्सच का बसवू नये, असे कोणी विचारील. ते शक्य आहे. परंतु उबुंटूने २०१७ मध्ये व डेबियनने २०२५ मध्ये ३२-बिट पीसीसाठी स्थापना-प्रती देणे थांबविले, तेव्हा त्या वाटेवर फार काळ विसंबता येणार नाही.

स्थापनेनंतर यंत्राच्या स्वतःच्या साठ्यावरही ३२-बिट ग्रबच गेला आहे ना, हे पाहावे. नाहीतर पहिल्याच पुनरारंभी पुन्हा तोच प्रकार. यंत्र मध्येच गोठत असेल, तर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ ही सूचना कर्नलला दिल्याने ते थांबते, मात्र बॅटरी लवकर संपते. मूळ विंडोज परत बसविण्याचे साहित्य बहुधा त्याच साठ्याच्या एका भागात असते. म्हणून साठा पुसण्यापूर्वी त्याची संपूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.